जज्जसाहेब माघार घेतात

आमच्या शेजारच्या जयंत शिर्क्यांनी माझी चकली नाकारली, ती कायद्याच्या आधारावर.

चकली नाकारणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कुणाला कोलेस्टेरॉल असतं, कुणाचा दात हलत असतो, कुणी नुसतंच पुण्याचं असतं. पण 'तुमच्या चकलीमुळे न्यायदानावरचा जनतेचा विश्वास डळमळू शकतो' असं तोंडावर सांगणारा माणूस मला अमेरिकेत, रेडमंडला येईपर्यंत भेटला नव्हता.

आम्ही तेव्हा नुकतेच या गल्लीत राहायला आलो होतो. दिवाळी होती आणि बाहेर इथला तो चिवट पाऊस होता, जो धड पडतही नाही आणि थांबतही नाही. फराळाचा डबा पदराखाली धरून मी शेजारची बेल वाजवली. दार उघडलं ते सहा फुटी, ताठ, रविवारी सकाळीही इस्त्रीच्या शर्टात असलेल्या एका गृहस्थांनी. केस पट्टी लावून कापल्यासारखे. दोन्ही हात पाठीमागे.

"नमस्कार," ते म्हणाले. "आपले यजमान कुठे काम करतात?"

रेडमंडमध्ये हे विचारणं म्हणजे माशाला 'तुम्ही राहता कुठे' विचारण्यासारखं आहे. मी त्या मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं.

"अगं बाई!" ते म्हणाले.

होय, हेच शब्द. सहा फुटी माणसाच्या तोंडून, सुरासकट. मी डबा सावरला.

"मग मला हे घेता येणार नाही. त्या कंपनीचा खटला कधीही माझ्यासमोर येऊ शकतो. मी माघार घेतो."

"अहो, माझ्या नवऱ्याला त्या कंपनीत धड पार्किंग मिळत नाही! त्याच्या चकलीनं तुम्ही कुणाच्या बाजूनं झुकणार?"

"प्रश्न झुकण्याचा नाही. प्रश्न दिसण्याचा आहे. दिसतं कसं?"

तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला. "बाळ, कोण आलंय? आणि तेलाचा वास कसला येतोय? चकली आहे का? मग तिला आत घे. माझ्यापुढे कुणाचा खटला नाही."

या ताराकाकू. जज्जसाहेबांच्या मातोश्री. वय चौऱ्याऐंशीच्या पुढे, उंची मुलाच्या छातीपर्यंत, उजवा खांदा धरलेला, त्यामुळे त्या दिवशी त्यांनी डावा हात पुढे करून डबा ताब्यात घेतला आणि उभ्या उभ्या एक चकली मोडून तोंडात टाकली. "मोहन थोडं जास्त झालंय," असा निकाल दिला आणि दुसरी घेतली. मुलगा बाजूला उभा राहून त्या चकलीकडे ज्या नजरेनं बघत होता, त्यात न्यायबुद्धीचा अंशही नव्हता.

पुढे काकूंकडूनच मला जज्जसाहेबांचं सगळं चरित्र कळलं. काकूंचे यजमान साताऱ्याहून इथे विमानाच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आले. बाळ इथेच जन्मला. तेव्हा आसपास दुसरं मराठी घर नव्हतं आणि वडील कारखान्यात, त्यामुळे त्याचं सगळं मराठी आईकडून आलं. म्हणूनच हा करारी माणूस गडबडला की "अगं बाई" म्हणतो, चिडला की "मेलं ते" म्हणतो, आणि गाडी सुरू झाली नाही तर कपाळाला हात लावून "कर्म माझं" म्हणतो. घरात मात्र आई मराठीत बोलणार आणि तो इंग्रजीत उत्तर देणार. इथल्या सगळ्याच घरांत असं चालतं.

बाळ वकील झाला, आणि वकील होऊन थेट सैन्यात गेला. सैन्याचेही वकील असतात हे मला माहीत नव्हतं. काकूंनाही नव्हतं. "मी त्याला म्हटलं, सैन्यात वकील कशाला लागतो रे? तिथे भांडण आधीच चालू असतं!" पण गेला. गणवेशात कोर्टात उभा राहिला, परदेशी वाळवंटातल्या तळावर राहून आला. मग सरकारी वकील झाला, आणि एके दिवशी त्याला फेडरल न्यायाधीश नेमलं. ही नेमणूक आयुष्यभराची. निवृत्ती नाही, बदली नाही, वर साहेब नाही, आणि लग्न न केल्यामुळे घरी ऐकून घ्यायचीही सोय नाही. ती उणीव काकू भरून काढतात.

लग्न का नाही केलं, हे मी एकदा काकूंना हळूच विचारलं.

"अगं, एक चांगली होती. तीही वकील. मग हा जज्ज झाला. ती म्हणाली, आता माझ्या केसेस तुझ्याकडे आल्या तर? हा म्हणाला, मी माघार घेईन. तिला वाटलं, केसमधून घेईल!"

दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय हा माणूस कुणाला 'बरोबर आहे तुझं' एवढंही म्हणत नाही. आता मला सांगा, शेजारी असतो कशासाठी? एकदा पोस्टाच्या पेटीपाशी भेटले तेव्हा मी माझ्या सासूबाईंबद्दल मन मोकळं करत होते. चांगलं रंगवून सांगत होते. आवाज काढून, हातवारे करून. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या बाजूनं कोण बोलणार?"

"सासूबाई नागपूरला आहेत!"

"मग त्या आल्यावर पुढे ऐकू."

आणि खरोखर! उन्हाळ्यात सासूबाई आल्या, तर हे गृहस्थ कुंपणापाशी येऊन हात पाठीमागे बांधून उभे. "नमस्कार. आपलं म्हणणं ऐकायचं राहिलं आहे." सासूबाईंनी तासभर म्हणणं मांडलं. निकाल दोघींनाही मिळाला नाही, पण सासूबाई अजून नागपुरात सांगतात की अमेरिकेत सुनेच्या शेजारी एक देवमाणूस राहतो.

पण इथल्या मराठी मंडळात त्यांच्याविषयी जी दहशत आहे ती दुसऱ्याच कारणानं. संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. ते काकूंना सोडायला आले, दारातच थांबले, आणि माझी मैत्रीण मृणाल समोर आली म्हणून संभाषण करावं या सद्हेतूनं त्यांनी विचारलं, "नमस्कार. मृत्युपत्र केलंय का?"

मृणालच्या हातातला तिळगूळ तसाच राहिला. "काका, मी बेचाळीस वर्षांची आहे!"

"उशीर झालाय, पण चालेल," ते म्हणाले आणि गेले.

बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सैन्यात त्याचं पहिलं काम हेच होतं गं. लढाईवर निघालेल्या पोरांची मृत्युपत्रं करायची. एकोणीस-वीस वर्षांची पोरं. त्यांच्याकडे असणार काय? एक गिटार, एक जुना ट्रक, फार तर एखादा कुत्रा. पण हे कुणाला द्यायचं असं विचारलं की रडायची. हा रडायचा नाही. गणवेशात रडत नाहीत म्हणे. सुट्टीला घरी आला की दिवसभर फ्रीज पुसायचा."

"फ्रीज?"

"आतून, बाहेरून, मागून. अजून तसंच. मनात काही असलं की फडकं घेतो. मी विचारत नाही. फ्रीज बघते."

आता मोदकांच्या स्पर्धेकडे येते, कारण त्यात माझाच हात होता. मी मंडळाची सांस्कृतिक सचिव. गणपतीत मोदकांची स्पर्धा ठेवली की दर वर्षी परीक्षकावरून भांडण होतं. मला वाटलं, साक्षात फेडरल न्यायाधीश गल्लीत असताना आपण बाहेर कशाला शोधायचं? ते तयार झाले, पण अटींवर. नावं नकोत. सगळ्या ताटल्या सारख्या. बायकांनी खोलीबाहेर थांबायचं. कुणी खोकायचंसुद्धा नाही.

आम्ही दाराच्या फटीतून बघत होतो. ते एकेका ताटलीपुढे थांबत, वाकत, मोदकाचं नाक तपासत, चाखत, पाणी पीत, पुढे सरकत. शेवटून दुसऱ्या ताटलीपुढे आले आणि थबकले. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग ताठ झाले, दार उघडून बाहेर आले आणि खचाखच भरलेल्या हॉलला उद्देशून म्हणाले, "मी माघार घेतो."

"काय झालं?" मी किंचाळलेच.

"एका मोदकाच्या कळ्या मी ओळखतो. लहानपणापासून."

हॉलमध्ये जो गदारोळ झाला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. शेवटी मृणालच्या नवऱ्याला आत ढकललं, त्यानं सगळे मोदक संपवले आणि आपल्याच बायकोला पहिला नंबर दिला. काकूंचा दुसरा आला. गाडीत बसताना काकू म्हणत होत्या, "तू बसला असतास तर माझा पहिला आला असता."

"दॅट्स एक्झॅक्टली व्हाय, आई."

"आईचा मोदक ओळखला म्हणून आईला शिक्षा! असला कसला रे तुझा कायदा?"

या सगळ्या नियमांची किंमत काय, हे मला हळूहळू दिसायला लागलं. जुने वकील मित्र त्यांना जेवायला बोलवत नाहीत, कारण त्यांच्या केसेस असतात. आम्ही मंडळी बोलावतो, तर ते येत नाहीत, कारण आमच्या कंपन्यांच्या असतात. कोर्टात दुपारचा डबा ते आपल्या खोलीत दार लावून एकटेच खातात. संध्याकाळी घरी येतात, गवत कापतात, त्याच्या कडा कात्रीनं सरळ करतात, आणि कुंपणापलीकडून आमच्याकडे हसण्याचे आवाज आले की हातातली कात्री क्षणभर थांबते. ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात काकूंचे साताऱ्याचे भाऊ गेले. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि दर रविवारी ते एकच विचारायचे, "तारे, कधी येतेस गं?" काकू म्हणायच्या, "येते, येते, थंडी संपू दे." पन्नास वर्षं थंडी संपत नव्हती. काकूंचे यजमान होते तोवर 'पुढच्या वर्षी कायमचं परत जाऊ' असं ठरलेलं होतं. म्हणून काकूंनी इथलं नागरिकत्व कधी घेतलं नाही. ज्या घरातला मुलगा हजारो लोकांना नागरिकत्वाची शपथ देतो, त्या घरात त्याची स्वतःची आई पाहुणी! मंडळात यावर पुष्कळ विनोद व्हायचे. काकूही करायच्या.

भाऊ गेल्यानंतर एका रविवारी मी भेटायला गेले. फ्रीज आरशासारखा चमकत होता. काकू फोनजवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, "वर्षे, मी सिटिझनशिप घेते. आता तिकडे मला 'कधी येतेस' म्हणून विचारणारं कुणी राहिलं नाही."

अर्ज गेला. मुलाखत झाली. अधिकारी बाई प्रेमळ होती. तिनं विचारलं, न्यायपालिका काय काम करते? काकू म्हणाल्या, "इट कम्स होम लेट अँड डझ नॉट ईट प्रॉपरली." मग खरं उत्तरही दिलं. पास झाल्या. शपथविधी फेडरल कोर्टात ठरला, आणि त्या दिवशी शपथ देण्याची पाळी कुणाची होती, हे मी सांगायला नको.

आमच्या गल्लीत आनंदीआनंद. मुलानं आईला शपथ द्यायची! मी तर मनातल्या मनात प्रवेश बसवूनही टाकला होता. उंच आसनावर काळ्या झग्यात मुलगा, खाली इरकल नेसून आई, मागे आम्ही रुमाल घेऊन.

आणि जज्जसाहेबांनी माघार घेतली.

"नियम आडवा येतो का?" मी त्यांना कुंपणावरून विचारलं.

"नाही. आमच्याच कोर्टातल्या जज्ज हेलनना विचारलं. त्या म्हणाल्या, ही शपथ आहे, खटला नाही. खुशाल दे."

"मग?"

"दिसतं कसं, वर्षाबाई?"

"सुंदर दिसतं!" मी ओरडले. "जगात याहून सुंदर काही दिसत नाही!"

त्यांनी कात्री उचलली आणि आधीच सरळ असलेली कड पुन्हा सरळ करायला घेतली.

काकू त्यांच्याच आई. त्यांनी जाहीर केलं, "शपथ घेईन तर बाळकडून. नाहीतर राहू दे. तशीही त्या शपथेत एक गोम आहे. गरज पडल्यास शस्त्र हाती घेईन असं म्हणायचं असतं. माझा हात खांद्याच्या वर जात नाही. कोर्टात खोटं बोलू?"

मी समजूत काढली. मकरंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, काढली. मृणालनं तर मोदकाचा पहिला नंबर परत द्यायची तयारी दाखवली. काकू ढिम्म. शपथेचा दिवस जवळ येत होता आणि त्या घरात आई आणि मुलगा एकमेकांशी फक्त भाजीत मीठ आहे की नाही एवढंच बोलत होते. मला खरोखर भीती वाटायला लागली. काकूंचं वय पाहता ही शपथ आज नाही तर कधीच नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

एका शनिवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात जज्जसाहेब, हातात माझा फराळाचा रिकामा डबा. आत येऊन ते स्वयंपाकघरात उभे राहिले. मी सवयीनं चहा ठेवला, हे घेणार नाहीत हे माहीत असूनही. मागे वळून बघते तर त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं होतं आणि ते माझा फ्रीज पुसत होते.

मी काही बोलले नाही. मला ओळखणारे लोक सांगतील की हा माझ्या आयुष्यातला किती मोठा पराक्रम आहे.

फ्रीजच्या दाराची एक बाजू स्वच्छ झाल्यावर ते दाराकडे बघतच बोलले. "वाळवंटात होतो तेव्हा आमच्या तळावर एक समारंभ झाला होता. आमच्यातले बरेच सैनिक अमेरिकेचे नागरिकच नव्हते. लढत होते, पण नागरिक नव्हते. त्यांना तिथे शपथ दिली. मी फक्त नावं पुकारायला उभा होतो. त्यातल्या काही जणांची मृत्युपत्रं मी केली होती. नावं पुकारताना मला गिटार आठवायला लागली, ट्रक आठवायला लागला. मध्येच आवाज गेला. बंदच झाला. पोरं हात वर करून उभी, आणि मी तोंड उघडून नुसता उभा. दुसऱ्या कुणीतरी पुढची नावं वाचली."

फडकं हँडलवर फिरत राहिलं.

"त्या दिवशी कोर्टात आईच्या बरोबर कितीतरी माणसं असतील. कुणी निर्वासित म्हणून आलेलं, कुणी वीस वर्षं वाट बघितलेली. त्यांच्यासाठीही तो आयुष्यातला एकच दिवस आहे. आईला समोर बघून मी ते वाक्य पुरं करू शकणार नाही, वर्षाबाई. त्यांच्या शपथेत माझ्या रडण्याचं काय काम?"

"मग काकूंना हेच सांगा की."

"अगं बाई! आईला कसं सांगू?" ते दचकून म्हणाले. "आणि तुम्हीही सांगायचं नाही."

बोलता बोलता त्यांनी समोरचा कप उचलून सगळा चहा पिऊन टाकला. माझा चहा. त्या मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या घरचा. त्या क्षणी अमेरिकेची न्यायव्यवस्था कोसळायला हवी होती. कोसळली नाही.

ते घरी पोचून गवताकडे वळलेले दिसताच मी मागच्या दारानं काकूंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. शब्द मी दिलाच नव्हता. त्यांनी सांगितलं होतं, मी मान हलवली नव्हती. कायद्याच्या शेजारी राहून मीही थोडं शिकले आहे.

 काकू पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "असं होय. मला वाटलं, त्याला माझी लाज वाटते." आणि थोड्या वेळानं, "त्या हेलनबाईंना दे म्हणावं शपथ. आणि त्याला म्हणावं, तू मागे खुर्चीत बस आणि रड हवं तेवढं. मी मागे वळून बघणार नाही."

शपथेच्या दिवशी आम्ही सगळे शहरात कोर्टात गेलो. जज्जसाहेब स्वतःच्याच कोर्टात पाहुण्यांच्या बाकावर माझ्या आणि मकरंदच्या मध्ये बसले होते. त्यांना त्या बाकाची सवय नव्हती. पाय कुठे ठेवायचे कळत नव्हतं. खिशात इस्त्रीचा रुमाल. येणारे-जाणारे कर्मचारी त्यांना बघून थबकत होते.

पुढे निरनिराळ्या देशांची माणसं, प्रत्येकाच्या खुर्चीवर छोटा झेंडा. कडेच्या खुर्चीत काकू, करड्या रंगाचं इरकल, त्यावर रेनकोट, पायात पांढरे शूज. वर जज्ज हेलन. त्या म्हणाल्या, कृपया उभे राहा आणि उजवा हात वर करा.

सगळे उभे राहिले. हात वर गेले. काकूंचा हात छातीपर्यंत गेला आणि तिथेच अडला. त्यांनी ओठ घट्ट मिटून पुन्हा जोर लावला. हात जाईना. कोर्टातली एक मुलगी धावत त्यांच्यापाशी आली आणि हळूच म्हणाली की डावा हात चालेल.

"नो," काकूंचा खणखणीत आवाज सगळ्या दालनाला ऐकू गेला. "लेफ्ट हँड इज नॉट फॉर धिस."

लोक हसले, मायेनं. जज्ज हेलनही हसल्या आणि थांबल्या. काकू हसल्या नाहीत. त्या पुन्हा हात वर न्यायला बघत होत्या आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता.

माझ्या शेजारचा बाक हलला. जज्जसाहेब उठले होते. मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत, ते आईपाशी गेले. माझ्या जिभेवर 'जज्जसाहेब, दिसतं कसं?' आलं होतं. मी ते गिळलं. हा दुसरा पराक्रम.

त्यांनी एक हात आईच्या पाठीवर ठेवला, दुसरा कोपराखाली धरला, आणि तो थकलेला हात अलगद, खांदा दुखणार नाही इतक्या हळू, वर उचलला. जज्ज हेलननी त्यांच्याकडे पाहिलं, मान किंचित झुकवली आणि शपथ सुरू केली.

एकेक वाक्य सगळे मागून म्हणत होते. काकू मोठ्यानं म्हणत होत्या. शस्त्राचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं, मग त्याच्या तळहातावर टेकलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं, आणि तेही वाक्य पुरं म्हटलं. जज्जसाहेबांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. दोन्ही हात गुंतल्यामुळे डोळे पुसायला हात उरला नव्हता, आणि खिशातला इस्त्रीचा रुमाल खिशातच राहिला.

शपथ संपली. सगळ्यांचे हात खाली आले. त्या दोघांचा हात वरच होता. शेवटी काकूच म्हणाल्या, "झालं रे, बाळ. सोड आता."

नंतर बाहेरच्या मोठ्या व्हरांड्यात नुसती जत्रा उसळली होती. काकूंना आता प्रत्येकाबरोबर फोटो हवा होता. एका इथिओपियन कुटुंबाबरोबर झाला, एका कोरियन आजोबांबरोबर झाला, त्या डाव्या हातावाल्या मुलीबरोबर तर दोनदा झाला. एका हातात झेंडा आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी बाळ घेऊन त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या.

जज्जसाहेब लांब, लिफ्टपाशी उभे होते. आईचा रेनकोट हातावर, छत्री काखेत. लिफ्ट आली. त्यांनी पाय घालून दार अडवलं. ते टुणटुण वाजायला लागलं. खोळंबलेली माणसं त्यांच्याकडे बघायला लागली, तरी त्यांनी पाय काढला नाही.

"आई," त्यांनी हाक मारली. "कधी येतेस गं?"

काकूंच्या चेहऱ्यावरचं फोटोचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी ते मूल त्याच्या आईकडे दिलं आणि वळल्या.

"हे काय," त्या म्हणाल्या, "आलेच."